गुऱ्हाळ की कारखाना? पुस्तकाच्या धंद्यावर एक संवाद

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लिहिणाऱ्यांची वाण नाही. कुणी गावाचा इतिहास लिहितो, कुणी वारीच्या आठवणी, कुणी डाळिंबाच्या बागेतले अनुभव. लिहून झाले की सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. स्वतः पैसे घालून छापायचे, की प्रकाशकाकडे जायचे? या प्रश्नावर तावातावाने बोलले जाते, कागद-पेन्सिल घेऊन क्वचितच. म्हणून इथे दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत. एक निमगाव केतकीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तिथल्या पानमळ्यांवर त्यांनी एकशे साठ पानांचे पुस्तक लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बारामतीत पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या ताई. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचा माल त्या विकतात आणि लेखकांचे गठ्ठेही विक्रीला ठेवून घेतात. दोघेही कल्पित आहेत आणि त्यांनी मांडलेल्या खर्चाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. व्यवहार मात्र मराठी पुस्तकांच्या धंद्यात रोज चालतो तोच आहे.

गुरुजी : ताई, माझं ठरलं. पुस्तक स्वतःच काढायचं. ऊस कारखान्याला घालायचा की आपलं गुऱ्हाळ टाकायचं, एवढाच प्रश्न आहे. प्रकाशक छापील किमतीवर दहा टक्के रॉयल्टी देणार. अडीचशेच्या पुस्तकामागे पंचवीस रुपये. उरलेले सव्वादोनशे जातात कुठे?

ताई : त्यातले शंभर-सव्वाशे वितरकाकडे आणि माझ्यासारख्या दुकानदाराकडे जातात. प्रकाशक चाळीस ते पन्नास टक्के सुटीनं माल सोडतो. त्या सुटीतून वितरकाची वाहतूक, माझं दुकानभाडं, माणसाचा पगार आणि ग्रंथालयांना द्यायची सूट भागते. उरलेल्या शंभरात प्रकाशकानं कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, संपादन, गोदाम असं सगळं बसवायचं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. पण कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो, आणि पुस्तकावर करच नसल्यामुळे वळता करून घेता येत नाही. शिवाय माल उधारीवर जातो. खपला नाही तर परत येतो, तोही कडा मळलेला.

गुरुजी : म्हणजे मधली माणसं गाळली तर ते सव्वाशे माझे.

ताई : गाळता आली तर. घ्या कागद, मांडू आपण. पाचशे प्रती. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन दहा हजार, मुखपृष्ठ पाच हजार, छपाई-बांधणी प्रतीमागे सत्तर धरली तर पस्तीस हजार. झाले पन्नास हजार. प्रत शंभराला पडली, किंमत अडीचशे. आता समजा, पाचशेच्या पाचशे प्रती वितरकामार्फत दुकानांत गेल्या आणि एकूण एक खपल्या. तुमच्या हातात किती आले?

गुरुजी : पन्नास टक्के सूट धरली तर प्रतीमागे सव्वाशे. साडेबासष्ट हजार. खर्च वजा जाता साडेबारा हजार राहिले.

ताई : आणि याच पाचशे प्रती प्रकाशकानं विकल्या असत्या, तर तुमची रॉयल्टी?

गुरुजी : पंचवीस गुणिले पाचशे... साडेबारा हजारच की!

ताई : पाहा. पन्नास हजार अडकवायचे, पार्सलं बांधायची, दुकानदारांकडे वसुलीला खेटे घालायचे आणि मिळायचे तेवढेच. त्यातून प्रकाशनसमारंभात पन्नास प्रती भेट गेल्या, तर नफा थेट निम्म्यावर येतो. आपल्याकडे पाहुण्याला पुस्तक विकत घ्या म्हणायची पद्धत नाही.

गुरुजी : हिशेब चोख आहे. पण माझा माल दुकानात जाणारच नाही, ताई. माझा वाचक मला ठाऊक आहे. निमगावच्या पानबाजारात येणारे मळेवाले, चौतीस वर्षांतले माझे विद्यार्थी, त्यांचे व्हॉट्सॲपचे गट. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे करत आमच्या गावी मुक्कामाला येते, तेव्हाची गर्दी. जानेवारीत तुमच्या बारामतीत कृषी विज्ञान केंद्राचं प्रदर्शन भरतं, तिथले शेतकरी. यांना मी दोनशे रुपयांना थेट देईन. अडीचशे प्रतींत भांडवल मोकळं. पन्नास भेट गेल्या तरी उरलेल्या दोनशेंचे चाळीस हजार निव्वळ माझे. प्रकाशक मला जन्मात चाळीस हजार देणार नाही.

ताई : हे गणित मला पटतं. मात्र ते अडीचशे नावांवर उभं आहे. नावं आहेत का लिहून ठेवलेली? माझ्या दुकानाच्या माळ्यावर पाच-सहा लेखकांचे गठ्ठे आहेत. प्रत्येकाची गोष्ट एकच. पहिल्या महिन्यात नातेवाईक आणि मित्र ऐंशी-शंभर प्रती घेतात. मग फोन येतो तो 'वाचायला एक प्रत द्या' असा. पालखीतला वारकरी दहा-वीस रुपयांचा हरिपाठ घेतो, कारण तो खिशात मावतो आणि वाटेत म्हणता येतो. दोनशेचं पुस्तक पडशीत टाकून तो पंढरपूरपर्यंत नेईल असं धरून चालू नका.

गुरुजी : पडून राहायचं भय प्रकाशकालाही आहेच. म्हणून तर तो पहिली आवृत्ती पाचशे-हजाराचीच काढतो आणि नव्या माणसाला दोन-दोन वर्षं ताटकळत ठेवतो. आणि प्रश्न नुसत्या पैशाचाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' स्वतः प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला मिळाली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. 'दीनबंधु'नं त्याची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची थांबवली. जोतीरावांनी गावोगाव तो वाचून दाखवला, पण त्यांच्या हयातीत संपूर्ण पुस्तक निघालं नाही. आणि ही अडवणूक झाली ती त्यांच्याच चळवळीतल्या पत्राकडून! छापायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं, याला आणखी पुरावा काय पाहिजे? शेतकऱ्यानं शेतकऱ्याविषयी लिहिलेलं पुण्यात बसून कुणीतरी पारखायचं, हे मला आजही पटत नाही.

ताई : जोतीरावांपुढे मी काय बोलणार? पण प्रकाशक म्हणजे दार अडवणारा एवढंच चित्र खरं नाही. भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, तेव्हा रा. ज. देशमुखांनी त्यांच्यामागे लागून कादंबरी लिहवून घेतली. १९६३ साली 'कोसला' आली. अनोळखी पोरावर पैसे लावणारा तो प्रकाशकच होता. मौजेचे श्री. पु. भागवत लेखकाच्या हस्तलिखितावर किती बसायचे, हे अख्ख्या मराठी साहित्याला माहीत आहे. स्वतः छापणाऱ्याला ही परकी नजर कुठून मिळणार? तुमचं हस्तलिखित मी वाचलंय. सांगू?

गुरुजी : सांगा. त्यासाठीच दिलंय.

ताई : पहिली चाळीस पानं तुमच्या घराण्याची हकिकत आहे. वेलाची उतरण तुम्ही तिसऱ्या प्रकरणात आणलीत. शेवरीवर चढलेला वेल हलक्या हातानं सोडवून खाली घ्यायचा, त्याचं वेटोळं वाफ्यात ठेवून मातीनं झाकायचं, शेंडा तेवढा वर राखायचा आणि पुन्हा आधाराला बांधत न्यायचा. जुना वेल स्वतःच्याच अंगावर पुन्हा मूळ धरतो. ही चार पानं वाचताना मी दुकानात गिऱ्हाईक उभं आहे हे विसरले. पुस्तक तिथून सुरू झालं पाहिजे. कळीचं पान आणि फापडा यांतला फरक, दलालापुढचा भाव, पानाला लागणारं पाणी आणि सावली हे सगळं त्याच्यामागे येऊ दे. तुमचा विद्यार्थी हे सांगायला धजणार नाही. छापखानेवाला तर पानामागे पैसे घेतो, तो पानं कमी करा कशाला म्हणेल?

गुरुजी : तो मळा माझ्या वडिलांनी लावलेला आहे, ताई. ते सगळं काढून टाकणं जिवावर येतं. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. चाळीसची बारा पानं करीन. आणि संपादकाला मी मोबदला देईन. स्वतः काढायचं म्हणजे सगळं एकट्यानंच करायचं असं थोडंच आहे?

ताई : द्या, जरूर द्या. मग खर्चात आणखी दहा हजार धरा. साठ हजार झाले. आता भांडवल सुटायला तीनशे प्रती थेट विकाव्या लागतील. स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक जण हीच रक्कम वाचवतात आणि पुस्तक तिथंच मार खातं.

गुरुजी : तीनशे तर तीनशे. आता एक तिसरीच गोष्ट विचारतो. एका प्रकाशन संस्थेचा मला निरोप आलाय. पन्नास हजार तुम्ही द्या, शंभर प्रती घ्या, उरलेल्या चारशे आम्ही महाराष्ट्रभर पोचवू. आयएसबीएन आमचा, समारंभ आमचा, पाहुणे आमचे. नाव मोठं, शिवाय काम त्यांचं. तुमच्या-माझ्या भांडणातला हा सुवर्णमध्य नाही का?

ताई : गुरुजी, हा सगळ्यांत वाईट सौदा, आणि आपल्याकडे अलीकडे हाच जास्त चालतो. नीट बघा. शंभर प्रती तुम्ही दोनशेनं विकल्या, तरी वीस हजार आले. तीस हजार गेले ते गेलेच. उरलेल्या चारशे छापल्या का, हे तुम्ही कधी बघायला जाणार? आणि तो त्या विकेल कशाला? तुमचा धनादेश वटला तेव्हाच त्याचा नफा झाला. खऱ्या प्रकाशकाचे स्वतःचे पैसे गोदामात अडकलेले असतात, म्हणून तो विक्रीसाठी धडपडतो. याला त्या धडपडीचं कारणच उरलेलं नाही. वर अशा करारात हक्कही बहुधा त्याच्याच नावावर. लेखकाचे पैसे, लेखकाची जोखीम, आणि मालकी मात्र दुसऱ्याची!

गुरुजी : आयएसबीएन नसला तर ग्रंथालयं पुस्तक घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

ताई : आयएसबीएन केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते. लेखक स्वतः प्रकाशक असला तरी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. त्याच्या जोरावर कुणी पैसे मागत असेल तर सरळ उठून यायचं. तो नंबर म्हणजे पुस्तकाची ओळख. मालकीशी त्याचा संबंध नाही. उलट तुम्ही प्रकाशक झालात की १९५४ चा कायदा तुम्हाला लागू होतो. प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं धाडायची. प्रकाशकाकडे हे आपोआप होतं, स्वतः काढणाऱ्याच्या ध्यानातही नसतं.

गुरुजी : बरं, मग तुमच्या चांगल्या प्रकाशकाकडे वळू. कारखान्याच्या काट्याबद्दल शंका आली, तर गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून घेता येते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली उसाची किंमत, द्यावी, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. पैसे थकले की आमच्या भागात आंदोलन होतं. पुस्तकाचा काटा कुठे आहे? किती छापली, किती विकली, किती शिल्लक, हे सगळं प्रकाशक सांगेल ते खरं. लेखकानं विचारलं तर 'अजून पहिलीच आवृत्ती चाललीय' हे ठरलेलं उत्तर.

ताई : या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. चोख हिशेब देणारे प्रकाशक आहेत, वर्षाच्या वर्षाला विवरण आणि धनादेश पाठवणारे. पण कितीतरी पुस्तकं अजून नुसत्या शब्दावर निघतात, आणि लेखकही 'पुस्तक आलं यातच सगळं पावलं' म्हणून गप्प बसतो. निदान कायद्यानं दिलेलं तरी घ्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हायला पाहिजे. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे त्यात यायला पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि करारात वेगळं काही नसेल, तर एका वर्षात प्रकाशकानं तो हक्क वापरला नाही की तो संपतो.

गुरुजी : म्हणजे दोन वर्षं हस्तलिखित दाबून ठेवणाऱ्यावर उपाय आहे.

ताई : आहे, पण करार झालेला असेल तर. नुसतं हस्तलिखित टेबलावर पडलेलं असलं तर हक्क तुमचाच असतो. एक पत्र लिहून परत मागायचं. आणि 'सर्व हक्क कायमचे' असं दिसलं की पेन खाली ठेवायचं. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांना खुली झाली. म्हणजे आज केलेली सही तुमच्या नातवंडांना बांधते. इ-बुक, ऑडिओ, भाषांतर हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक जे स्वतः करणार नाही, ते त्याला कशाला द्यायचं? किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं चढवता येतात, आणि तिथं छपाईचा खर्चच नाही.

गुरुजी : आमचे मळेवाले किंडलवर वाचणार नाहीत, पण पुण्या-मुंबईला गेलेली त्यांची मुलं वाचतील. टपालाचंही मी पाहून आलोय. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, कर वेगळा. माझं पुस्तक त्यात बसेल. आता सांगतो, माझ्या डोक्यात काय घोळतंय. तुमच्या गावात मोरोपंत राहिले. बाबूजी नाईकांचा आश्रय होता म्हणून ते निवांत लिहू शकले. १७९४ साली ते वारले तोवर मराठी मुलखात छापखाना रुळला नव्हता. कॅरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं तेच १८०५ मध्ये. पोथी नकलून घ्यायची, कीर्तनातून पसरायची. पुढे तुकोबांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात छापली गेली, तिला मुंबई सरकारनं चोवीस हजार रुपये दिले. म्हणजे पुस्तकामागे कुणीतरी उभं राहतंच. कधी सरदार, कधी सरकार, कधी प्रकाशक. माझ्यामागे वाचकच उभा राहिला तर?

ताई : तो प्रयोगही मराठीत झालाय. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि मंडळींनी 'ग्रंथाली' काढली ती वाचक चळवळ म्हणूनच. वाचकाला आधी सभासद करून घ्यायचं, गावोगाव पुस्तकं न्यायची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला तिथंच आलं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० ला. जी पुस्तकं जुन्या चौकटीत बसली नसती, त्यांना वाचकांनी उचलून धरलं. लक्षात घ्या, तिथंही संपादन होतं, निवड होती आणि राबणारे कार्यकर्ते होते. एकट्या लेखकाची ती धाव नव्हती.

गुरुजी : मग माझंही असंच ठरवतो. छापायच्या आधी नोंदणी. दोनशे रुपये आगाऊ, पावती देऊन. पालखी निमगावात येईपर्यंत मुदत. तीनशे नावं पैशासकट जमली तर स्वतः काढीन, नाही जमली तर ज्याचे त्याला परत देईन आणि हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवीन.

ताई : आता तुम्ही धंद्याचं बोललात. पण माझं म्हणणं अजून सुटलेलं नाही. तीनशे प्रती तुम्ही इंदापूर-बारामतीत विकाल. पान तर नागपुरातही खातात आणि कोल्हापुरातही. तिथल्या वाचकापर्यंत, राज्यातल्या हजारो सरकारमान्य ग्रंथालयांपर्यंत तुमची पिशवी पोचणार नाही. त्याला वितरणाची यंत्रणा लागते, आणि ती प्रकाशकाकडे आहे.

गुरुजी : म्हणून पहिली आवृत्ती माझी. ती संपली तर दुसरी प्रकाशकाला देईन, पाच वर्षांपुरती, फक्त छापील पुस्तकाचे हक्क. तेव्हा मी अनोळखी म्हातारा नसेन, तीनशे प्रती विकलेला लेखक असेन. दहाऐवजी पंधरा टक्के मागायला तोंड असेल.

ताई : आणि तीनशे नावं जमली नाहीत तर निराश होऊ नका. साठ हजार रुपये वाचले असं समजा. एवढं मात्र पक्कं धरा. ज्याचा पैसा त्याची जोखीम, आणि ज्याची जोखीम त्याचा नफा. पैसा तुमचा आणि हक्क दुसऱ्याचे, असा कागद कितीही मोठ्या नावानं पुढे केला तरी सही करायची नाही.

गुरुजी : आणि पैसा प्रकाशकाचा असेल तर?

ताई : तर त्याचा नफा त्याला मोकळ्या मनानं घेऊ द्या, आणि आपल्या प्रतींचा हिशेब दर मार्चअखेर लेखी मागून घ्या. हिशेब मागितला म्हणून चांगला प्रकाशक कधी तुटत नाही.